आजोबांची ठासणीची बंदूक: जुनी आहे म्हणून परवाना लागत नाही?

प्रश्न थोडक्यात असा: कोकणातल्या घरी माळ्यावर आजोबांची ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची, बंदूक पडून आहे. परवाना आजोबांच्या नावाचा आणि शेतीसंरक्षणाचा होता. आजोबा जाऊन काही वर्षं झाली, त्यानंतर कोणी त्याकडे पाहिलं नाही. प्रश्न विचारणारे पुण्यात नोकरी करतात. गावी चुलतभाऊ भात आणि काजू करतो, आणि रानडुकरांनी त्याला जेरीस आणलं आहे. बंदूक शंभर वर्षांपेक्षा जुनी असल्यामुळे परवाना लागणार नाही असं कोणीतरी सांगितलं, ते खरं का? आणि डुकरांसाठी ती वापरता येईल का?

बंदुकीचं वय ही इथली खरी अडचण नाही. आज ती बंदूक कायद्याने कोणाच्याच नावावर नाही आणि तरी घरात आहे, अडचण ही आहे. ती सोडवल्याशिवाय पुढच्या कुठल्याही प्रश्नाला अर्थ नाही. पण ‘जुनी म्हणजे मोकळी’ हा समज इतका पसरलेला आहे, की आधी तोच निकाली काढू.

शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये कलम ४५(सी) आहे. जुन्या घाटाची, पुरातन मूल्य असलेली किंवा मोडकळीला आलेली शस्त्रं या कायद्याच्या बाहेर ठेवणारं. लोक इथपर्यंत वाचतात आणि थांबतात. पुढची अट अशी, की ते शस्त्र दुरुस्ती न करता किंवा दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून वापरता येण्याजोगं नसावं. सगळा भार ‘दुरुस्ती करूनही’ या दोन शब्दांवर आहे. घोड्याची कमान तुटली आहे, निपल (ठिणगी देणारी टोपी जिच्यावर बसते ती बुडाची छोटी नळी) गंजून बसलं आहे, दस्ता वाळवीने खाल्ला आहे, ही सगळी दुरुस्त होणारी कामं. नळी शाबूत असेल तर कसबी कारागीर दोन दिवसांत ती बंदूक पुन्हा बार काढण्याजोगी करेल. मग ती कायद्याच्या नजरेत बंदूकच, मग ती १८७० ची असो की १९७० ची. नळीच आरपार सडली असेल, बुडाशी फुटलेली असेल, तर ४५(सी) चा विचार होऊ शकतो. तोही आपण घरी बसून ठरवायचा नाही. वाद झाला तर बंदूक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जाते, तिथला बॅलिस्टिक्सचा तज्ज्ञ ती चालते की नाही याचा अहवाल देतो, आणि तोवर ती ज्याच्या घरात सापडली तो आरोपी असतो.

हा समज येतो कुठून? बराचसा अमेरिकन व्हिडिओंमधून. तिथे १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक संघराज्याच्या कायद्यात ‘फायरआर्म’ धरतच नाहीत, आणि ठासणीच्या नव्या प्रतिकृतीसुद्धा बऱ्याच ठिकाणी घरपोच मिळतात. आपल्याकडे अशी सालाची सरळ रेघ कलम ४५ मध्ये नाही. आपली कसोटी चालते की नाही, ही आहे.

दुसरा गोंधळ २०२० च्या दुरुस्तीचा. शस्त्र नियम, २०१६ मध्ये त्या वर्षी फेब्रुवारीत बदल झाला आणि ‘क्युरिओ’ वर्गात, म्हणजे दुर्मीळ म्हणून जपायच्या वस्तूंत, मोडणारी लहान शस्त्रं मिळवायला आणि बाळगायला भारतीय नागरिकांना परवाना लागणार नाही, अशी तरतूद आली. बातम्यांत एवढंच छापलं गेलं. त्याच तरतुदीचा उरलेला भाग असा: ते शस्त्र वापरायचं, घेऊन फिरायचं किंवा एका जागेवरून दुसरीकडे न्यायचं असेल तर परवाना लागतोच, आणि मालकाच्या परवान्यावर त्या शस्त्राची नोंद नसेल तर त्यासाठी दारूगोळा विकता येत नाही. म्हणजे भिंतीवर शोभेला ठेवणाऱ्यासाठी ही सवलत आहे, डुकरांमागे जाणाऱ्यासाठी नाही. शिवाय तुमच्या बंदुकीचा इतिहास बघा. ती आजवर शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर, चालू बंदूक म्हणून नोंदलेली होती. तिला आपणच एके दिवशी क्युरिओ म्हणून टाकायचं आणि निवांत बसायचं, हे मी कोणालाही सुचवणार नाही. ती त्या वर्गात बसते असं परवाना शाखेकडून लेखी मिळालं तरच त्या सवलतीवर विसंबा.

‘शंभर वर्षं’ हा आकडा आला आहे तो तिसऱ्याच कायद्यातून. पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार किमान शंभर वर्षं जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते. त्याने शस्त्र परवान्यातून सूट मिळत नाही, उलट बंधन वाढतं. अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या नातेवाइकाने ‘मला द्या, मी हॉलमध्ये लावतो’ असं म्हटलं तर विषय तिथेच संपवा.

आता कागदांच्याही आधीचं एक काम. ती बंदूक भरलेली आहे का, हे कोणाला नक्की माहीत आहे का? ठासणीच्या बंदुकीत काडतूस नसतं, त्यामुळे उघडून बघण्याची सोय नाही. जुन्या काळी पेरणी ते कापणी बंदूक भरूनच ठेवायची रीत होती, आणि तशाच भरलेल्या बंदुका माळ्यावर गेल्या. काळी दारू कोरडी राहिली तर दशकानुदशकं जिवंत राहते. तपासायचं असं: घोडा पडलेला आहे आणि निपलवर टोपी नाही हे आधी बघा. नळीचं तोंड माणूस, गुरं, भिंतीपलीकडची खोली यांच्यापासून दूर राहील अशी बंदूक आडवी ठेवा. बाजूने उभं राहून लाकडी काठी किंवा तिचाच गज हलक्या हाताने नळीत तळापर्यंत सरकवा, हात तोंडासमोर आणू नका. तोंडाशी गजावर खूण करा. मग गज बाहेर काढून नळीच्या बाजूला धरा, खूण तोंडाशी जुळवून. गजाचं टोक निपलच्या किंवा कानाच्या (बाजूच्या पेटवणीच्या) छिद्रापर्यंत पोचलं तर नळी बहुधा रिकामी. चार बोटं अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी आहे: बार (भरलेली दारू-गोळी), नाहीतर गांधीलमाशीचं मातीचं घर. दोन्हींत फरक बाहेरून कळत नाही, म्हणून ती भरलेलीच समजायची. खरवडायचं नाही, ड्रिल लावायचं नाही, बुडाचा स्क्रू तापवून काढायचा नाही, वेल्डिंगवाल्याकडे तर मुळीच नाही. तशीच ठेवा आणि पोलिसांना लेखी कळवताना ‘नळीत बार असण्याची शक्यता’ हे वाक्य त्यात लिहा.

यानंतर कलम २१. परवानाधारक वारला, परवान्याची मुदत संपली किंवा तो रद्द झाला, की शस्त्र बाळगणं बेकायदा होतं आणि ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावं लागतं. तुमच्या बाबतीत विलंब झालेला आहेच. म्हणून घाबरून ती विहिरीत टाकायची किंवा लोहाराकडून तोडून घ्यायची हा उपाय नाही. आजोबांच्या परवान्यावर तिची नोंद आहे, आज ना उद्या ‘बंदूक कुठे आहे’ अशी विचारणा होणार, आणि तेव्हा ‘नाही’ हे उत्तर सगळ्यांत महाग पडतं. स्वतःहून पुढे येऊन जमा करणाऱ्याकडे आणि छाप्यात सापडलेल्याकडे पोलीस आणि न्यायालय एकाच नजरेने बघत नाहीत. तरी उशीर मोठा आहे, त्यामुळे अर्ज देण्याआधी अशी कामं करणाऱ्या वकिलाकडून मजकूर तपासून घ्या. विनापरवाना बंदूक बाळगण्याला कायद्यात किमान शिक्षा ठरलेली आहे, तेव्हा हा खर्च वाचवू नका.

जमा करताना एक चूक बरेच जण करतात. बंदूक गोणपाटात गुंडाळून एसटीने किंवा दुचाकीवरून ठाण्यात नेतात. परवाना नसताना ती घेऊन रस्त्यावर निघणं हाही गुन्हाच. आधी ठाण्यात लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि ती कशी आणायची हे त्यांनाच ठरवू द्या. अर्जात परवाना क्रमांक, आजोबांच्या मृत्यूची तारीख, बंदूक आता कुठे आहे, तिच्यासोबत दारूची शिंगी, टोप्या, शिसं काय काय आहे ते सगळं येऊ द्या. जमा झाल्याच्या पावतीवर नुसतं ‘एक जुनी बंदूक’ चालणार नाही. नळीची लांबी, एकनळी की दुनळी, नळीवर किंवा कुलपावर (घोड्याच्या यंत्रणेवर) कोरलेला क्रमांक आणि नाव, मोडतोड काय आहे, हे लिहून घ्या, आणि आधीच सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा. जमा शस्त्र ठरलेल्या मुदतीत सोडवलं नाही तर जिल्हादंडाधिकाऱ्याच्या आदेशाने सरकारजमा होऊ शकतं. म्हणून पावती फाइलला लावून विसरायची नाही. शस्त्रविक्रेत्याकडे ठेवलीत तर भाडं पडतं, पण वस्तूची निगा बरी राहते. ठाण्याच्या मुद्देमालाच्या खोलीत एक पावसाळा गेला तरी जुन्या नळीचे हाल होतात.

एवढं झालं की ठरवायचं: ही बंदूक आठवण म्हणून हवी आहे की वापरायला? दोन्ही एकदम हवं असेल तर कागद वापराचेच करावे लागतील.

वापरायची असेल तर वारसाच्या नावाने परवाना. शस्त्र नियमांतल्या नियम २५ प्रमाणे परवानाधारकाच्या मृत्यूनंतर कायदेशीर वारसाला परवाना देता येतो. (ज्यांचे वडील-आजोबा हयात आहेत त्यांच्यासाठी: परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा शस्त्र बाळगून २५ वर्षं झाली, यांतलं जे आधी घडेल तेव्हा, तो आपल्या हयातीतच वारसाचं नाव सुचवू शकतो. हे वेळेत केलं तर वरची सगळी यातायात टळते.) अर्ज जिल्हादंडाधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या परवाना शाखेकडे. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात आयुक्तांकडे. सोबत मृत्यूचा दाखला, मूळ परवाना, वारस दाखला, बाकीच्या सगळ्या वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र, जमा पावती, शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचा वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, शस्त्र घरात सुरक्षित ठेवण्याची हमी. यांत अडतं ते ना-हरकतीपाशी. बंदुकीची किंमत काही नसते, पण वाटण्या झालेल्या नसतात आणि मुंबईचे काका सही करत नाहीत. हा कागद पहिल्यांदा मिळवा, बाकीचे आठवड्यात होतात. अर्जदार किमान २१ वर्षांचा हवा, आणि नव्या परवान्याला राष्ट्रीय नोंदणीतला यूआयएन (एकमेव ओळख) क्रमांक पडायला हवा.

अर्ज कोणी करायचा? माझं स्पष्ट मत: तुम्ही नाही, चुलतभावाने. कलम १३(३) मध्ये दोन गोष्टी वेगळ्या सांगितल्या आहेत. एक, संरक्षण किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक. दुसरी, खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक. कायद्याने शेतकऱ्यासाठी मुद्दाम नाव घेऊन ठेवलेलं शस्त्र म्हणजे ही ठासणीचीच. ती पुरी पडत नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाली तर गुळगुळीत नळीची दुसरी, म्हणजे काडतुसाची बंदूक देता येते. पण ‘खऱ्याखुऱ्या’ या शब्दाचा अर्थ पोलीस पाटील आणि ठाणे अंमलदार दोघेही नीट लावतात: जमीन कोण कसतं, गावात कोण राहतं, नुकसान किती. पुण्याच्या पत्त्यावर राहणाऱ्याने गावच्या काजूसाठी बंदूक मागितली की चौकशी अहवाल तिथेच फिरतो. चुलतभाऊ आजोबांचा वारस आहे, सातबारावर त्याचं नाव असेल, राहतो तिथेच. त्याच्या अर्जाला सातबारा, आठ-अ आणि गेल्या दोन-तीन हंगामांतल्या नुकसानीचे पंचनामे जोडा. पंचनामा केलेलाच नसेल तर पुढच्या नुकसानीपासून सुरुवात करा. भरपाई किती मिळते हा मुद्दा वेगळा, पण डुकरं येतात याचा सरकारी कागद तोच.

२०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन बंदुकांची मर्यादा आली, आधी तीन होत्या. वारसाहक्काने आली म्हणून त्यात सूट नाही. भावाकडे आधीच दोन असतील तर हा रस्ता बंद. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली, तेवढीच सोय.

एक बारीक पण नेहमी अडवणारी गोष्ट म्हणजे क्रमांक. गावठी कारागिरांनी केलेल्या कित्येक जुन्या बंदुकांवर नाव-नंबर काहीच नसतं, किंवा घासून घासून गेलेलं असतं. ओळखखूण नसलेलं शस्त्र विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही (कलम ८). आहे ती खूण कानस मारून उजळू नका, मिटवल्याचा संशय तुमच्यावर येईल. परवाना शाखेला कळवून, त्यांच्या आदेशाने, परवानाधारक कारागिराकडून क्रमांक कोरून घ्या. दुरुस्तीलाही हाच नियम: शस्त्र दुरुस्तीला परवाना लागतो, गावचा लोहार कितीही हुशार असला तरी हे त्याचं काम नाही. नळी आखूड करणं तर कलम ६ खाली वेगळाच गुन्हा.

आता डुकरं. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायची परवानगी नव्हे. हे दोन कायदे आहेत, दोन खाती आहेत, आणि दोघांचे कागद वेगळे लागतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या २०२२ मधल्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) दोन्ही अनुसूची २ मध्ये आहेत. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम ११(१)(बी) खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी आदेशाने शिकारीची परवानगी देऊ शकतो. त्यासाठी तुमचा संबंध वनक्षेत्रपालाच्या कार्यालयाशी. कोणत्या गट नंबरात, किती दिवसांत, किती जनावरं, हे आदेशात असेल तेवढंच. मारलेलं डुक्कर सरकारी मालमत्ता, घरी न्यायचं नाही, वाटायचं तर नाहीच. कोकणात गुन्हे दाखल होतात ते बऱ्याचदा बार काढला म्हणून नव्हे, तर मटण शिजलं म्हणून. गवा मात्र अनुसूची १ मधला. पीक खाल्लं म्हणून त्याच्यावर बंदूक उचलायला कुठलाही रस्ता नाही.

मग या बंदुकीचा व्यवहारात उपयोग किती? हे परिस्थितीवर अवलंबून आहे. नळी कशी आहे, कुलूप तोड्याचं, चकमकीचं की टोपीचं, आणि तुम्हाला डुक्कर मारायचं आहे की पळवायचं आहे.

तोड्याच्या बंदुकीत पेटती वात रंजकाला (पेटवणीच्या बारीक दारूला) लागते, चकमकीच्या बंदुकीत ठिणगी. दोन्हीत रंजकाची दारू उघड्या पेल्यात असते. आता भात कधी पोटरीला येतं ते आठवा: हळवं भाद्रपद-आश्विनात, गरवं त्यानंतर. डुकरं दुधाच्या दाण्यावर येतात तेव्हा पाऊस असतो, नाहीतर दव. उघड्या पेल्यातली दारू तासाभरात ओलसर होते. अशा बंदुका शोभेच्याच समजा. टोपीचं कुलूप हा यावर निघालेला तोडगा. स्कॉटलंडच्या अलेक्झांडर फोर्सिथ यांनी आघाताने पेटणाऱ्या मसाल्याचं पेटंट १८०७ मध्ये घेतलं, त्यातून पुढे तांब्याची टोपी आली. टोपी निपलवर घट्ट बसली तर दमट हवेतही बार उडतो. गावाकडे जिला आपण ठासणीची म्हणतो ती बहुतेक टोपीचीच असते.

टोपीची बंदूकही दुसरा बार भरायला सरावाच्या हाताला अर्धा मिनिट, अंधारात आणि घाईत मिनिटभर घेते. दारू ओतायची, काथ्या किंवा चिंधी ठासायची, छर्रे किंवा गोळी, पुन्हा वर ठासण, गज काढून ठेवायचा, मग टोपी. तेवढ्यात कळप दुसऱ्या बांधावर गेलेला असतो. पहिल्याच बाराला नळीसमोर पांढऱ्या धुराचा पडदा उभा राहतो, वारा नसेल तर लागलं की नाही हेही दिसत नाही. गुळगुळीत नळी असल्याने एक गोळी चाळीस-पन्नास पावलांपलीकडे भरवशाची नाही, आणि रात्री विजेरीच्या उजेडात त्याहून कमी. बारीक छर्रे मोठ्या डुकराच्या कातडीत अडकतात, ते मरत नाही, जखमी होतं. जखमी सुळेवालं डुक्कर झाडीत आणि हातात रिकामी ठासणीची बंदूक, या अवस्थेत माणसाचं काय होतं ते कोकणात सांगायला नको.

मारण्याचं हत्यार म्हणून ती दुबळी आहे, असंच मी म्हणेन. पण आवाजाचं साधन म्हणून वाईट नाही. काळ्या दारूचा नुसता बार, गोळी-छर्ऱ्याशिवाय, मोठा, जड आणि दूरवर घुमणारा असतो. चार-सहा रात्री वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या कोपऱ्यांतून बार झाला तर कळप काही दिवस वाट बदलतो. रोज त्याच माचाणावरून त्याच वेळी काढलात तर आठवड्यात सरावतो. दोन एकरांच्या मळीला सौर कुंपण हा यापेक्षा टिकाऊ उपाय आहे. डोंगरउतारावर विखुरलेल्या काजूला ते परवडत नाही, तिथे बंदुकीला थोडा अर्थ उरतो. गावठी बॉम्ब पेरणाऱ्यांचं ऐकू नका. तो स्फोटकांच्या कायद्याखालचा गंभीर गुन्हा आहे, आणि जबडा जातो तो बऱ्याचदा शेजाऱ्याच्या गाईचा.

दारूबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण जुन्या बंदुका फुटतात त्या बहुतेक इथेच. या नळ्या काळ्या दारूसाठी आहेत. काडतुसं फोडून काढलेली आधुनिक धूरविरहित दारू त्यात थोडीशीसुद्धा घालायची नाही. काळी दारू माप थोडं चुकलं तर माफ करते, धूरविरहित दारू करत नाही. तिचा दाब या नळ्यांच्या सोसण्यापलीकडे जातो आणि नळी नेमकी डाव्या हाताशी उघडते. फटाक्यांची दारूही नाही, त्यात काय मिसळलंय ते तुम्हाला माहीत नसतं. घरी दारू बनवणं स्फोटकांच्या कायद्याने बंद आहे. परवान्यावर दारू आणि टोप्यांचं प्रमाण लिहिलेलं असतं, तेवढी परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यायची. आज ठासणीची बंदूक बाळगणाऱ्याची खरी अडचण तीच असते. बंदूक मिळते, टोप्या मिळवताना दमछाक होते. परवाना घेण्याच्या खटपटीआधी जिल्ह्यातल्या विक्रेत्याला फोन करून दोन्ही माल तो देतो का, ते विचारा. नाही म्हणाला तर हा सगळा उद्योग भिंतीवरच्या खुंटीसाठी होईल.

किती दारू भरायची ते मी इथे लिहिणार नाही. ते नळीच्या बोअरवर आणि तिच्या आजच्या अवस्थेवर ठरतं. बोअरचा हिशेब तेवढा माहीत असू द्या: १२ बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या सारख्या १२ गोळ्या केल्या तर त्यातली एक जिच्यात बसेल ती नळी. ती गोळी साधारण ३८ ग्रॅम भरते. जुन्या नळीत आकडा मोठा असेल तर नळी बारीक. कारागीर बोअर मोजून, बुडाचा स्क्रू आणि निपल उघडून, आतला गंज बघून माप देतो. बुडाजवळ गंजाचे खड्डे असतील तर तो नाही म्हणेल, तेव्हा वाद घालू नका. नळीवर लाकडासारखे नागमोडी पट्टे दिसत असतील तर ती लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेली आहे. दिसायला सुंदर, पण सांध्यात आतून गंज चढतो आणि वरून काही कळत नाही. अशी नळी मी वापरायला देत नाही.

भरताना दोन गोष्टींनी नळी फुगते किंवा फुटते. पहिली, गोळी दारूवर पूर्ण न बसता मध्येच अडकणं. मध्ये हवेची पोकळी राहते आणि दाब त्याच जागी नळीवर आदळतो. उपाय गजावरची खूण: योग्य बार भरल्यावर गज किती बाहेर राहतो तिथे एक रेघ, दरवेळी रेघ तोंडाशी यायलाच हवी. दुसरी, बार उडाला नाही हे न कळता त्यावर दुसरा भरणं. ती रेघ इथेही चूक दाखवते. घोडा पडला, टोपी वाजली, पण बार निघाला नाही, तर बंदूक समोरच रोखून मिनिटभर थांबा. दारू ओली असेल तर निखारा आत रेंगाळतो आणि बार उशिरा उडतो.

काळ्या दारूचा निम्म्याहून थोडा जास्त भाग जळल्यावर घन काजळी आणि क्षार होऊन नळीत राहतो. ते क्षार हवेतलं पाणी ओढतात, आणि कोकणात एका रात्रीत तांबूस थर येतो. क्षार रॉकेलने निघत नाहीत, पाण्यानेच निघतात. निपल काढून गरम पाण्याने नळी धुवायची, कोरड्या चिंध्या पांढऱ्या निघेपर्यंत पुसायची, नळी ऊन असतानाच मशीनचं पातळ तेल द्यायचं. खोबरेल नको, ते थंडीत थिजतं आणि जुनं झालं की कुलपात चिकट होऊन बसतं. ज्या रात्री बार काढला त्याच रात्री हे व्हायला हवं.

शिमग्याला, पालखीला, लग्नात हवेत बार काढायची हौस असेल तर ती मोडा. २०१९ पासून कलम २५(९) आहे: जल्लोषात किंवा बेफिकिरीने गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात आणला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. शेतीसंरक्षणाची बंदूक देवळासमोर दिसली तर परवान्याचा हेतूच मोडला जातो, आणि रद्द करायला तेवढं कारण पुरतं.

आणि निवडणुका. आचारसंहिता लागली की परवाना शाखेकडून जमा करण्याची नोटीस येते. जिल्ह्यात छाननी समिती असते आणि सरसकट प्रत्येकाचं शस्त्र घ्यावंच असं नाही. शेतीसंरक्षणाचा परवाना आहे, हंगाम चालू आहे, कुठलाही गुन्हा नाही, असा अर्ज नोटीस मिळाल्या दिवशीच समितीकडे दिला तर त्याचा विचार होतो. दिलाच नाही तर होत नाही.

बंदूक फक्त आठवण म्हणून हवी असेल तर जमा पावतीनंतर परवाना शाखेला तसा स्वतंत्र अर्ज करा: परवानाधारक कारागिराकडून तपासणी अहवाल जोडून, ती कलम ४५(सी) मध्ये बसते का किंवा क्युरिओ वर्गात येते का, ते विचारा आणि लेखी उत्तर येईपर्यंत ती जमाच राहू द्या. निपल काढून टाकलं किंवा छिद्रात शिसं ओतलं म्हणजे ती निकामी झाली, असं होत नाही, ते परत उघडता येतं. घरात कोणालाच नको असेल तर परवानाधारक विक्रेता किंवा वस्तुसंग्रहालय हे दोन पर्याय आहेत. संग्रहालय साधी गावठी ठासणीची बंदूक घेईलच असं नाही. कुलपावर जुन्या कारखान्याचं नाव-साल असेल, दस्त्यावर पितळी किंवा हस्तिदंती काम असेल तर आधी फोटो पाठवून विचारा, आणि त्यांचं पत्र आलं की ते जमा पावतीसोबत जिल्हाधिकारी कार्यालयात दाखल करा. हस्तांतर त्यांच्या आदेशानेच होऊ द्या.